सायकलवरून नेण्याचा एकट्यापुरता तंबू : आठ रात्रींनंतरचे मत

डोंगराळ मुलखातून एकट्याने सायकलवर हिंडायचे आणि रोज नव्या जागी मुक्काम करायचा, असे ठरले की सामानात सर्वांत जास्त खल तंबूवर होतो आणि तो खल बहुधा वजनापाशीच अडतो. माझेही तसेच झाले. आठ रात्री ज्या तंबूत काढल्या, तो निवडताना मी वजनाचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले होते. परतल्यावर टिपणवही उघडली, तर वजनाविषयी त्यात एकच ओळ होती आणि गुंडाळलेल्या तंबूच्या लांबीविषयी दीड पान.

तंबू दुपदरी आहे. आतला कप्पा बराचसा जाळीचा, बाहेरचे आवरण नायलॉनचे, ॲल्युमिनिअमच्या दांड्या एका सांध्यात जोडलेल्या आणि सोबत आठ खुंट्या. सगळे मिळून वजन दीड किलो. आतली लांबी २१५ सेंटिमीटर, रुंदी डोक्याकडे ८५ आणि पायाकडे ६०, मधली उंची एक मीटर. म्हणजे ताठ बसून कपडे बदलता येतात.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरले आणि दिवसभरात एकूण १००० मीटर चढाई झाली, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ९८१ किलोज्यूल ऊर्जा लागते. चढावर १२० वॅट उपयोगी पडत आहेत असे मानले, तर हे काम साधारण सव्वादोन तासांचे आहे आणि तंबू अर्धा किलोने हलका असता तर त्यातून वाचले असते जेमतेम ४० सेकंद. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला अर्धा किलो खांद्याला जाणवतो. सायकलवर मात्र तो कॅरिअर वाहतो. शिवाय दवाने भिजलेले आवरण तसेच गुंडाळले, तर काही शे ग्रॅम पाणी आपण आपखुशीने डोंगर चढवत असतो. एकट्या माणसाला तंबू, चूल आणि दुरुस्तीची हत्यारे कोणाशी वाटून घेता येत नाहीत, म्हणून हलकेपणाची ओढ समजण्यासारखी आहे. पण तिच्यापायी दुसऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये.

त्यांतली पहिली गोष्ट लांबी. दांड्यांची घडी ४४ सेंटिमीटरची, आणि माझ्या खाली वळलेल्या हँडलबारच्या दोन टोकांमधले अंतर जेमतेम ४०. कंपनीच्या पिशवीत गुंडाळलेला तंबू तिथे आडवा बसेना. बसवला तर ब्रेकच्या मुठींना अडायचा, आणि लांब उतारावर तासभर ब्रेकवर बोटे ठेवून उतरायचे असताना ही अडचण मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. चढावर वेगळाच प्रकार झाला. ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने चढताना तोल सांभाळायला हँडल सतत थोडे इकडे-तिकडे करावे लागते, आणि पुढे भार असला की ते जड लागून सायकल नागमोडी जाऊ लागते. दुसऱ्या दिवशी दांड्या काढून सायकलच्या वरच्या नळीला पट्ट्यांनी बांधल्या, कापड जलरोधक पिशवीत घालून मागे कॅरिअरवर टाकले आणि प्रश्न मिटला. फक्त दांड्यांची पिशवी गिअरच्या केबलवर घासून दोन ठिकाणी विरली. सुमारे ३० सेंटिमीटरच्या घडीच्या दांड्या असलेले तंबू खास सायकलस्वारांसाठी मिळतात. त्यांत सांधे वाढतात आणि वजनही किंचित वाढते, तरी आता निवड करायची झाली तर मी तेच घेईन.

दुसरी गोष्ट ओल. तिसऱ्या रात्री दिवसभराच्या चढ-उतारांनी थकून ओढ्याकाठच्या सपाट हिरवळीवर तंबू ठोकला आणि पहाटे बाहेरच्या आवरणाच्या आतून पाणी ठिबकत होते. चडफडत तंबूला नावे ठेवली, ती अर्धीच न्याय्य होती. रात्री थंड हवा उतारावरून वाहत येऊन दरीच्या तळाशी साचते, ओढ्याकाठी हवेत दमटपणा अधिक असतो, आणि निरभ्र आकाशाखाली आवरण उष्णता बाहेर टाकत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तिथला दमटपणा आणि आपल्या श्वासातली वाफ त्याच्यावरच जमते. आणखी एका रात्री अशाच निरभ्र हवेत, पण डोंगराच्या सोंडेवर, तळापासून साठेक मीटर वर झाडाच्या कडेला मुक्काम केला, तेव्हा तोच तंबू सकाळी जवळजवळ कोरडा होता. तरीही उत्पादकाला दोष द्यायलाच हवा. हवा खेळती राहण्यासाठी वर एकच झरोका आहे आणि तोही इतका लहान की वारा पडल्यावर तो असून नसल्यासारखा होतो.

पावसात तंबू गळला नाही, शिवणीही कोरड्या राहिल्या. मात्र नायलॉन ओले झाले की सैल पडते, आणि मध्यरात्री पायाकडची बाजू आतल्या जाळीला टेकून झोपेची पिशवी ओलसर झाली. निजण्यापूर्वी ताणाच्या दोऱ्या एकदा आवळल्या की हे टळते. पॉलिएस्टरमध्ये हा त्रास कमी असतो. भर पावसात तंबू उभारणे ही मात्र खरी कसोटी आहे, कारण या रचनेत आधी जाळीचा कप्पा उभा करावा लागतो आणि आवरण चढेपर्यंत तो भिजतो. एकट्याचे हात किती वेगाने चालणार?

खडकाळ पठारावर खुंटी दोन बोटेही रुतत नव्हती, तिथे स्वतःच्या बळावर उभा राहणारा हा सांगाडा फार उपयोगी पडला. पडवीच्या, म्हणजे दारापुढे आवरणाखाली राहणाऱ्या मोकळ्या जागेच्या, दोऱ्या दगडांना बांधून भागवले. वाऱ्यात दुसरे टोक धरायला कोणी नसल्यामुळे वाऱ्याकडची बाजू आधी पक्की करावी, नाहीतर कापड पतंगासारखे हातातून सुटते. (माझे एकदा सुटले, झुडपाने अडवले.)

पडवी तोकडी आहे. बूट आणि एक पिशवी मावते, दुसरी पिशवी सायकलजवळच राहते. पाऊस असला तरी त्या एवढ्याशा जागेत, दार लावून चूल पेटवण्याचा मोह कोणी धरू नये. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे. आवरणाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप आहे आणि ओलाव्यात दीर्घकाळ बांधून ठेवल्यास तो चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून दुपारच्या विश्रांतीत मी ते रोज सायकलवर पसरून वाळवत असे. ऊन-वारा असला की अर्धा तास पुरे होई.

वाऱ्यापावसातला टिकाऊपणा आणि आतली ऐसपैस जागा यांसाठी हा तंबू मी पुन्हा नेईन. पाच तारकांपैकी साडेतीन देतो. अर्धी झरोक्यासाठी कापली, उरलेली एक दांड्यांच्या लांबीसाठी. घेणाऱ्याने दोन खुंट्या जास्तीच्या सोबत ठेवाव्यात, कारण माझी एक पाचव्या रात्रीच वाकली.