डायव्हिंगसाठीचे भोकवाले इअरप्लग (डॉक्स प्रोप्लग्स): कोणी घ्यावेत, कोणी पैसे वाया घालवू नयेत

सरळ सांगते. पाण्यातून आल्यावर दोन दिवसांत ज्यांचा कान खाजायला लागतो, मग ठणकतो, मग वाहतो, त्यांनी हे प्लग बिनधास्त घ्यावेत. खाली जाताना ज्यांचा कान दुखतो त्यांनी मात्र हे घेऊन काही उपयोग नाही, कारण ते दुखणं वेगळ्या जागेचं आहे आणि प्लग तिथे पोचतच नाही. मालवण-तारकर्लीचा सीझन सुरू झाला की ओळखीतले लोक मला हेच विचारतात, कानात घालायला काय घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतंय ते तपासणारी, औषध देणारी डॉक्टर नाही, आणि बरीच वर्षं डायव्हिंग करते.

डॉक्स प्रोप्लग्स कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या एका कान-नाक-घसा डॉक्टरने सर्फिंगवाल्यांसाठी आणले. मऊ, पारदर्शक, कानाच्या वाटीत बसणारे. यात दोन प्रकार येतात, एक बिनभोकाचा आणि एक बारीक भोकाचा, आणि ऑर्डर करताना सगळा जीव त्या भोकात आहे हे विसरू नका. डायव्हिंगला फक्त भोकवाला, व्हेंटेड असं लिहिलेला. भोकातून पाणी आत येतं पण हळूहळू, त्यामुळे कानाच्या नळीतला दाब बाहेरच्या पाण्याएवढाच राहतो आणि आत आलेलं पाणी सारखं बदलत नाही, थोडं कोमट होऊन तिथेच थांबतं.

बिनभोकाचे प्लग, म्हणजे स्विमिंग पूलवर मेणाचे किंवा सिलिकॉनचे मिळतात ते, घालून खाली जाणं खरंच धोक्याचं आहे. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडली जाते, बाहेरचं पाणी प्लगला आत ढकलतं, तुम्ही नाक दाबून आतली बाजू मोकळी केलीत की पडदा बाहेरच्या दिशेने फुगतो आणि नळीतल्या कातडीखाली रक्त साकळतं. एका दुकानात माझ्यासमोर एका मुलीला 'डायव्हिंगला चालतील' म्हणून हेच प्लग विकत होते, मी तिला थांबवलं. आणि कानात मळ घट्ट बसला असेल तर तोही असाच बूच असतो बरं का! ट्रिपच्या आठवडाभर आधी ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घसा डॉक्टरकडे जाऊन कान बघून घ्या, इअरबडने कोरत बसू नका, त्याने मळ आणखी आत जातो.

आता वापराबद्दल. विरुद्ध बाजूच्या हाताने डोक्यावरून कान वर आणि थोडा मागे ओढायचा, प्लग ओला करून आत सरकवायचा आणि थोडा फिरवायचा, म्हणजे त्याची कड कानाच्या घडीखाली जाऊन बसते. नीट बसला की विसरायला होतं. बोटीवर प्लग घालूनही समोरच्याचं बोलणं कळतं, जे साध्या प्लगमध्ये होत नाही, आणि पाण्याखाली स्वतःच्या श्वासाचा आवाज थोडा जवळून येतो एवढंच. साइज हीच खरी डोकेदुखी, कारण कित्येकांचे दोन कान सारखे नसतात. मला डाव्या कानाला मीडियम आणि उजव्याला लार्ज लागतो, त्यामुळे दोन जोड्या घ्याव्या लागल्या, आणि आयात माल असल्यामुळे ते स्वस्तात पडत नाही. हा काही या कंपनीचा दोष नाही, तयार साइजच्या कुठल्याही प्लगला हेच होणार. मोठा साइज दुखतो, लहान खाली पडतो. दोन्ही प्लग जोडणारी दोरी असेल तर मास्कचा पट्टा दोरीवरून जाणार नाही याकडे लक्ष द्या, नाहीतर मास्क काढताना प्लग ओढला जातो.

फायदा म्हणाल तर माझा बाहेरचा कान पूर्वी प्रत्येक सीझनला सुजायचा, ते जवळजवळ थांबलंय. आपल्याकडे पाणी उबदार, हवा दमट, त्यामुळे जंतूंचं आणि बुरशीचं चांगलंच फावतं, आणि वर पाण्यात उतरायच्या आधी कानात खोबरेल घालायची पद्धत, ती कृपा करून सोडा. डायव्ह झाला की प्लग काढायचे, मान कलती करून पाणी जाऊ द्यायचं, कानावर गोडं पाणी घ्यायचं, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपायचं. ईएनटीला विचारून अॅसेटिक अॅसिडचे थेंब घालता येतात, पण पडदा शाबूत आहे याची खात्री असेल तरच. प्लगही गोड्या पाण्यात धुवा आणि भोकात मळ किंवा रेती अडकली नाही ना ते प्रत्येक वेळी बघा, कारण भोक बुजलं की तो बिनभोकाचाच प्लग झाला.

परदेशात थंड पाण्यात उतरणाऱ्यांना, म्हणजे कॉर्नवॉल किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांना, याचा आणखी एक उपयोग आहे. साधारण 19 अंशांखालचं पाणी वर्षानुवर्षं कानात जात राहिलं की नळीत हाडाचे उंचवटे वाढतात, त्याला सर्फर्स इअर म्हणतात. 2019 साली छापून आलेल्या एका अभ्यासात निअँडरथल या आदिमानवांच्या 23 अवशेषांपैकी जवळपास निम्म्यांच्या कानात असे उंचवटे सापडले होते, मला ती बातमी फार आवडली होती. कोकणच्या पाण्यात ही भीती नाही.

आता ज्यासाठी लोक हे प्लग खरं म्हणजे मागवतात त्याबद्दल. खाली जाताना दुखतो तो मधला कान, पडद्याच्या आतला. तिथली हवा नाकाच्या मागून येणाऱ्या युस्टेशियन ट्यूबमधून भरावी लागते. पृष्ठभागावर 1 अॅटमॉस्फिअर दाब असतो, 10 मीटरवर 2, म्हणजे पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट! पुढच्या 10 मीटरमध्ये तो 2 चा 3 होतो. त्यामुळे 'सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उथळच तर आहे, काय होणार' हे बोलणं चुकीचं आहे, कानाला सगळ्यात जास्त त्रास उथळ पाण्यातच होतो. मीटर-सव्वा मीटर तसंच खाली गेलात तर ट्यूबचं तोंड दाबाने असं मिटतं की मग कितीही फुंका, उघडत नाही. म्हणून बोटीवरच एकदा कान मोकळे करा, पाण्यात उतरल्या उतरल्या परत, आणि मग दुखायची वाट न बघता दर अर्ध्या मीटरला.

नाक चिमटीत धरून हळूच फुंकायची पद्धत इटलीच्या वाल्साल्व्हाने 1704 च्या पुस्तकात दिली, ती होती कानातला पू बाहेर काढण्यासाठी. हळूच हा शब्द महत्त्वाचा आहे. नाही उघडला तर मीटरभर वर या, नाक धरून आवंढा गिळा, परत बघा, तरी नाही तर डायव्ह सोडून द्या. जोर लावून फुंकलं तर मधल्या कानाच्याही पलीकडे असलेल्या आतल्या कानाची नाजूक खिडकी, म्हणजे त्यावरचा पातळ पापुद्रा, फाटू शकते, आणि तिथे गेलेलं ऐकणं कधीकधी परत येतच नाही. सर्दी असताना गोळी घेऊन उतरणारे पण बघितलेत, गोळीचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

माझ्याकडे डायव्हनंतर लोक येतात ते बहुतेक 'कानात दडे बसलेत' म्हणून. त्यातले पुष्कळ मधल्या कानाचे असतात, पाणी-रक्त साचलेलं असतं, ते हळूहळू बरं होतं. पडद्याला भोक पडलं असेल तरी बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप भरतं, फक्त कान कोरडा ठेवायचा, थेंब-तेल काही नाही आणि ईएनटीने बघून हो म्हटल्याशिवाय पाणी नाही. पण आतल्या कानाचं दुखणंही सुरुवातीला असंच, दडे बसल्यासारखं वाटतं, आणि लोक दोन आठवडे वाट बघत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. घरी एक करून बघा, तोंड मिटून 'म्म्म' असा सूर धरा. ज्या कानात दडे बसलेत तिकडेच आवाज मोठा वाटला तर बहुधा मधल्या कानाचं आहे. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा. याने तपासणी टळत नाही, घाई किती करायची एवढंच कळतं. आणि गरगरायला लागलं, कानात शिट्टी वाजायला लागली किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं तर सूर बीर धरत बसू नका, थेट जा, डायव्ह किती खोल होता तेही सांगा, आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू किती येतंय त्याची तपासणी, करून घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मालवणात बोटीवर 'कान दुखलो तर सांगा हां' असं सांगतात, पण पाण्याखाली सांगायचं खुणेनेच, पंजा आडवा धरून डुलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. ती खूण वर असतानाच एकदा करून घ्या. अंगठा वर केला तर 'मला वर ने' असा अर्थ होतो, ठीक आहे असा नाही. पैसे भरलेत म्हणून दुखणं सहन करू नका.

आणि आवाजाबद्दल कोणी विचारलं तर, हे प्लग त्यासाठी नाहीत. टाक्या भरायच्या कंप्रेसरपाशी आणि बोटीच्या इंजिनाला चिकटून दिवसभर काम करणाऱ्या पोरांच्या कानाचं कोणी बघत नाही, त्यांना कानावर बसणारे मोठे मफ्स हवेत. 85 डेसिबल आवाजात जास्तीत जास्त 8 तास थांबायचं, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, असा हिशोब धरतात, म्हणजे 94 ला एकच तास. सेंटरवाल्यांनो, एक मफ्स कंप्रेसरच्या शेजारी खिळ्याला टांगून ठेवा, या प्लगच्या एका जोडीपेक्षा तो काही महाग नाही.