संचकार दोन लाखांचा, अडकलं साठ लाखांचं घर

घर घेताना माणूस दहा जणांना विचारतो. विकताना एकालाही विचारत नाही. घर आपलं, कागद आपल्या कपाटात, मग फसायचं काय, असं वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गेल्या पिढीने बांधलेली घरं आता विकायला निघतात. मुलं पुण्याला किंवा बंगळूरला, घरात दोन म्हातारी माणसं. अशा घरांवर टपलेल्यांची एक ठरलेली पद्धत आहे. ती पायरीपायरीने कळली तर बऱ्याच जणांचं घर वाचेल, म्हणून इतक्या तपशिलात लिहितो आहोत.

वडगावातलं एक घर धरा, किंमत 60 लाख. एजंट एक पार्टी घेऊन येतो. पार्टी भावाची घासाघीस करत नाही, ही पहिली खूण. खरं गिऱ्हाईक भिंतीला हात लावून बघतं, पाण्याची वेळ विचारतं, दोन लाख तरी कमी करायला बघतं. हा माणूस स्वयंपाकघरात डोकावतही नाही. म्हणतो, "काका, तुमचा आकडा मान्य. आज दोन लाख संचकार घ्या, बाकीचे लोन झालं की." संचकार म्हणजे इसार, सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. बॉण्ड रायटरकडे, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याकडे, कागद तयारच असतो आणि तो कन्नडमध्ये असतो. काकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. एजंट तोंडी सांगतो, "साधा संचकाराचा करार आहे." सही होते.

त्या कागदात बहुधा चार गोष्टी असतात. खरेदी पूर्ण करायची तारीख नसते. खरेदीपत्र 'खरेदीदार किंवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या' नावे करून द्यायचं असतं. ताबा दिला असं लिहिलेलं असतं. आणि सोबत 'लोनच्या कामाला लागतं' म्हणून एक मुखत्यारपत्र असतं. मग ही पार्टी तेच घर 70 लाखांना दुसऱ्यांना दाखवत फिरते. गिऱ्हाईक मिळालं तर मधले 10 लाख तिचे. नाही मिळालं तर महिने जातात आणि तुम्हाला दुसरीकडे विकता येत नाही. करार रजिस्टर झालेला असेल तर तो ईसीमध्ये, म्हणजे बोजा दाखल्यात, दिसतो. पुढच्या गिऱ्हाइकाचा वकील तो बघून मागे फिरतो. करार रद्द करायला दोघांच्या सह्या लागतात, आणि त्या सहीसाठी पार्टी पैसे मागते. दोन लाख दिलेला माणूस पाच-सहा लाख मागतो आणि वैतागलेला मालक देतो.

न द्यावे तर? करारपूर्तीचा दावा करायला 3 वर्षांची मुदत असते. करारात तारीख असेल तर ती त्या तारखेपासून मोजतात. तारीख नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं समोरच्याला कळलं तेव्हापासून. तारीख कोरी ठेवण्यामागचा हेतू हा. शिवाय स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून द्यायचा हुकूम देणं पूर्वीसारखं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. दावा चालू असताना घर विकलं तरी घेणारा त्या निकालाला बांधलेला राहतो. मग असं घर कोण घेणार?

खानापूरच्या तेलगीचं बनावट स्टॅम्प पेपरचं प्रकरण या जिल्ह्यातली माणसं विसरलेली नाहीत. ई-स्टॅम्प आल्यापासून कागद खोटा निघण्याची भीती कमी झाली, हे चांगलंच. पण आजची फसवणूक अस्सल कागदावर, अस्सल सहीने होते. स्टॅम्प तपासून समाधान मानू नका, मजकूर तपासा.

कन्नड वाचता येत नसेल तर निदान काही शब्द कानाने ओळखायला शिका. 'क्रयपत्र' किंवा 'खरीदी पत्र' म्हणजे थेट खरेदीखत. 'क्रय करार' म्हणजे नुसता करार. 'अधिकार पत्र' किंवा 'मुखत्यार पत्र' म्हणजे तुमच्या वतीने सही करायची मुभा. 'हक्कु बिडुगडे' म्हणजे हक्कसोड, 'दान पत्र' म्हणजे बक्षीसपत्र. 'स्वाधीन' म्हणजे ताबा; करारात 'स्वाधीनरहित' हा शब्द असलाच पाहिजे. 'संदाय' म्हणजे रक्कम पोचणे, त्यामुळे 'पूर्ती हण संदाय' असं कानावर आलं की तिथेच थांबवा, कारण सगळे पैसे मिळाले असं तुमच्या तोंडी घातलं जातंय. वाचून दाखवणारा माणूस तुमचा हवा. एजंटचा नको, त्याच्या बॉण्ड रायटरचाही नको. मसुदा एक दिवस आधी घरी मागून घ्या. नोंदणीपूर्वी तो कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर चढवून तपासला जातोच, तेव्हा 'आत्ताच तयार झाला' ही सबब चालू देऊ नका. मजकूर मराठीत उतरवून घ्यायला वकील जी फी घेईल, ती या व्यवहारातली सगळ्यात सार्थकी लागणारी रक्कम आहे.

करारात मुदत स्पष्ट लिहा, 90 दिवस पुरे होतात. नुसती तारीख टाकून भागत नाही. स्थावर मालमत्तेत कोर्ट मुदतीला सहसा कराराचा गाभा मानत नाही. म्हणून 'मुदत हा या कराराचा मुख्य भाग आहे आणि अमुक तारखेपर्यंत उरलेली रक्कम न आल्यास करार संपेल' हे वाक्य हवं, आणि संचकारातलं किती परत, किती नाही, तेही हवं. 'ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे' हे शब्द खोडा. संचकार 10 टक्क्यांच्या खाली असेल तर करार रजिस्टर करून देऊ नका, असं आमचं ठाम मत आहे. 60 लाखांच्या घराला दोन लाख देणाऱ्याचं त्यात काही अडकलेलं नसतं. मुदत संपत आली की पैसे भरण्याची आठवण रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. दावा करणाऱ्याला आपण पैशांसह तयार होतो हे सिद्ध करावं लागतं, तिथे ही पावती त्याला आडवी येते.

मुखत्यारपत्र देऊच नका. बँकेच्या लोनला विकणाऱ्याचं मुखत्यारपत्र लागत नाही. एकदा दिलं आणि त्यात समोरच्याने पैसे गुंतवल्याचा उल्लेख असला की ते एकतर्फी रद्द करणंही अवघड होतं. रंगकाम करून घेतो म्हणून चावी मागतील, तीही नको. मूळ कागद तर अजिबात हातातून सोडू नका. मूळ कागद नुसते ठेवून घेऊनही कर्ज उभं करता येतं. झेरॉक्स द्या, आणि प्रत्येक पानावर आडवं लिहा: 'फक्त अमुक व्यवहारासाठी पाहायला दिली', खाली तारीख, सही.

आता सगळ्यात घातक जागा, सब-रजिस्ट्रार ऑफिसमधला दिवस. पुष्कळ लोकांचा समज असतो की चेक वटला नाही तर खरेदीखत आपोआप रद्द होईल. होत नाही. कायद्याने किंमत 'दिलेली' असो की 'देण्याचं कबूल केलेली', नोंदणी झाली की मालकी जाते. सुरतच्या एका जमिनीच्या प्रकरणात विकणाऱ्यांचं म्हणणं होतं की सुमारे पावणेदोन कोटींच्या व्यवहारात हाती 40 हजार आले. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तसं असलं तरी त्या कारणाने खरेदीखत रद्द होणार नाही. पैशासाठी वेगळा दावा करता आला असता. हे वाक्य घर विकणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचावं.

म्हणून क्रम असा ठेवा. आरटीजीएसची रक्कम आधी खात्यात यावी. मोबाइलवर आलेला एसएमएस किंवा समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या शाखेत फोन करून शिल्लक विचारा, मगच सही. डीडी असेल तर तो ज्या शाखेचा आहे तिथे विचारा, आणि फोन नंबर डीडीवरचा नको, स्वतः शोधलेला हवा. लोनचा व्यवहार असेल तर बँकेचा माणूस डीडी घेऊन समोर हजर हवा, डीडीवर सगळ्या मालकांची नावं बरोबर हवीत, आणि मूळ कागद डीडी हातात आल्यावरच द्यायचे. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका. घ्यावाच लागला तर त्याचा नंबर, तारीख, रक्कम खरेदीखतात लिहा आणि 'सगळी रक्कम मिळाली' हे वाक्य काढून टाका. न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा त्या घरावर बोजा राहतो, पण तुम्हीच पोचपावती दिली असेल तर तो हक्क लंगडा पडतो.

'अर्धे रोखीत घ्या, खरेदीखत सरकारी दराने करू' हा प्रस्ताव तर हमखास येतो. लोभाने नको, भीतीने नको, हिशोबाने नाही म्हणा. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि कागदावर 30 लाख लिहिलेल्या घराचे उरलेले 30 लाख बुडाले, तर मागायचे कोणत्या तोंडाने? किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो, 60 लाखांना 60 हजार. तो कापून भरलाच नाही असंही होतं. भरल्याचं चलन मागा आणि पुढे आपल्या 26एएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो का ते बघा.

यातल्या बऱ्याच फसवणुका होतात, कारण घर आणि कागद तयार नसताना विकायला काढलेले असतात. महानगरपालिका-नगरपालिका हद्दीत ई-आस्तीचा ई-खाता, ग्रामपंचायतीत ई-स्वत्तूचे फॉर्म 9 आणि 11, हे मिळकतीचे ऑनलाइन सरकारी उतारे आधी काढून ठेवा. नाही तर 'खातं मी करून देतो' म्हणणारा एजंट त्यातच मूळ कागद घेऊन जातो. जुनं पतसंस्थेचं कर्ज फिटलं असलं तरी उताऱ्यावरचा बोजा उतरवलेला असतोच असं नाही, तो तपासा. वडिलोपार्जित घर असेल तर कोल्हापूर-चंदगडकडे दिलेल्या बहिणींच्या सह्या पहिल्याच दिवशी धरा. हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा कर्नाटकात अविवाहित मुलींना 1994 पासून आणि लग्न झालेल्यांसह सगळ्या मुलींना 2005 पासून आहे. पार्टीला ही उणीव दिसली की ऐन वेळी भाव पाडते किंवा बहिणीला परस्पर गाठते.

घराचंही तसंच. आमच्याकडच्या पावसात भिंत चार महिने ओल पिते. गणपतीत घाईने मारलेला रंग दिवाळीपर्यंत पोपडे धरतो आणि खरेदीच्या सकाळी 'ओल आहे, तीन लाख कमी करा' सुरू होतं. तोवर तुम्ही संचकार खर्चून बसलेले असता. गच्ची उन्हाळ्यातच पाणी साठवून 24 ते 48 तास तपासा, गळती बंद करा. भिंत पाऊस संपल्यावर पूर्ण वाळू द्या, सुटलेला गिलावा खरवडून काढा, मग प्रायमर आणि दोन हात. जी ओल जाणार नाही ती आधीच दाखवा आणि करारात 'घर आहे त्या स्थितीत पाहून पसंत केलं' असं लिहून घ्या.

फसल्याचं लक्षात आलं तर दिवस मोजायला लागा. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस, मग समोरच्याला 15 दिवस, ते संपल्यापासून एका महिन्यात कोर्टात तक्रार. क्यूआर कोड किंवा ओटीपीतून पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 वर फोन. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि व्यवहार सुरळीत झाला तरी एक काम उरतं: 2023 मध्ये कर्नाटकात नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून आधारच्या आधारे बँकेतून पैसे काढल्याचे प्रकार उघड झाले होते. घराची रक्कम ज्या खात्यात आली आहे, त्याला जोडलेल्या आधारचं बायोमेट्रिक त्याच संध्याकाळी लॉक करा.