ट्रकला स्टेनलेसचा सायलेन्सर: पाइप टिकतो, जोड दगा देतात

आपल्या कोल्हापूरकडच्या ट्रकचा सायलेन्सर दोन्ही बाजूंनी गंजतो. बाहेरून गगनबावड्याचा पाऊस आणि आंबा घाट उतरला की रत्नागिरीचं खारं वारं. आतून डिझेल जळताना तयार होणारं पाणी. साखर कारखान्याच्या यार्डात नंबर लावून इंजिन सारखं चालू-बंद केलं की पाइप पुरता तापतच नाही, आणि ते आम्लधर्मी पाणी डब्याच्या तळाशी साचतं. म्हणून डबा बहुधा खालच्या शिवणीवरच फुटतो. वर पत्रा मारून वेल्डिंग केलं की थोड्याच दिवसांत शेजारी दुसरं भोक.

स्टेनलेसचे दोन पर्याय आहेत (४०९, ३०४ ही स्टीलच्या ग्रेडची नावं): ४०९ चा तयार सेट, नाहीतर ३०४ च्या पाइपात बनवून घेतलेला. ४०९ मध्ये क्रोमियम साधारण ११ टक्के. त्यावर तांबूस डाग पडतात, पण पत्रा सहसा आरपार जात नाही. ऊस आणि वाळू ओढणाऱ्या गाडीला तो पुरतो. कोकणात नेहमी जाणाऱ्या गाडीला ३०४ चे जादा पैसे देण्यात अर्थ आहे. नुसत्या चमकेसाठी नाही.

माल तपासून घ्या. ४०९ ला लोहचुंबक चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाही. पण कमी निकेलचं २०१ सुद्धा चिकटत नाही, आणि ३०४ म्हणून तेच गळ्यात मारलं जातं. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्यांमुळे स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती टक्के आहे ते सांगणारी तपासणी) करून देणाऱ्या लॅब आहेत. कापलेला तुकडा तिथं द्या, निकेल ८ टक्क्यांच्या आसपास आलं पाहिजे. पाइपची जाडी किमान १.५ मिमी हवी.

आता खरी गोची. ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं. तीन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर लोखंडी सुमारे ११ मिमी वाढतो, ३०४ चा सुमारे १५. जुना कडक ब्रॅकेट तसाच ठेवून नवा पाइप वेल्ड केला की तडा जातो तो वेल्डच्या कडेला, आणि दोष मिळतो स्टीलला. टर्बोनंतर जाळीचा फ्लेक्सिबल बेलो (वाढ आणि हादरे सोसणारा लवचिक तुकडा) आणि पुढे सगळीकडे रबर हँगर, यात तडजोड नको. तयार सेटची अडचणही इथंच येते: व्हीलबेस वेगळा असला की हँगरची जागा जुळत नाही आणि फिटर पाइप ओढून बसवतो. ओढून बसवलेला बेलो फार काळ टिकत नाही.

वेल्डिंग आर्गनचंच घ्या. ३०४ ला ३०८एल रॉड, लोखंडी फ्लँजशी जोडताना ३०९एल. पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतली शिवण काळी, खडबडीत होते आणि गंज तिथूनच सुरू होतो. लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावू देऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बसवताना सगळे जोड आधी हातानेच सैल अडकवा, पाइप चेसी, ब्रेकची नळी आणि वायरिंगपासून लांब आहे ना बघा, मग टर्बोकडून मागे आवळत या. यू-बोल्ट क्लॅम्प पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी कापल्याशिवाय सुटत नाही. रुंद पट्टीचा किंवा व्ही-बँड क्लॅम्प महाग पडला तरी तोच. एक फेरी मारून पाइप गार झाला की क्लॅम्प पुन्हा आवळायचे. हे बहुतेक गॅरेजवाले विसरतात, गाडी पुन्हा आणायला तुम्हीच सांगा. एक्झॉस्ट ब्रेक (झडपेने धूर अडवून इंजिनानेच गाडी आवरणारा) असेल तर टर्बो आणि त्या ब्रेकच्या झडपेमधलं गॅस्केट नवंच टाका. तिथं गळती राहिली तर करूळ घाट उतरताना हा ब्रेक नीट धरत नाही. जोडाजवळ काजळीची रेघ दिसली की गळती समजा.

युरियाची टाकी किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीला हे लागू नाही. तिथं कंपनीच्या युनिटला हात न लावता फक्त मागचा शेवटचा पाइप बदलता येतो. डबा काढून सरळ पाइप टाकून देणारेही भेटतील. तशी गाडी आरटीओच्या पासिंगला अडकते.