ई-रीडर, तेरा महिने: कोपऱ्यातल्या त्या आकड्याचा हिशोब

सकाळची लोकल, भांडुप गेलं असेल. पिशवीतून ई-पुस्तकं वाचायचा रीडर काढला तर वरची अर्धी स्क्रीन कालच्याच पानावर थिजलेली आणि खालच्या अर्ध्यात उभ्या रेघा. बटण दाबलं, धरून ठेवलं, चाळीसपर्यंत आकडे मोजले. रेघा थोड्या हलल्या, वरचं अर्धं पान ढिम्म. शेवटची ओळ दिसत होती ती अशी: ‘तिने कपाटामागून पत्र्याची पेटी ओढली आणि’. आणि काय, ते रेघांखाली.

ज्यांनी हे यंत्र वापरलंय त्यांना माहीत आहे की ई-इंकच्या पडद्याला चित्र बदलायला वीज लागते, टिकवायला नाही. काळे-पांढरे कण एकदा जिथे बसवले तिथे बसून राहतात. त्यामुळे बॅटरी आठवडे-आठवडे पुरते. त्यामुळेच माझं ते अर्धं पान चार्जिंग संपलं तरी हटेना. पुढचे अठ्ठावीस दिवस ते टेबलावर तसंच होतं. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता वाचलं.

वॉरंटी संपून एकोणीस दिवस झाले होते. कंपनीच्या चॅटवर पन्नास मिनिटं घालवली. ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे वाक्य पाच वेळा आलं. (मोजलं. मी हिशेब खात्यात आहे, मोजायची सवय आहे.) पुढे असं कळलं की वॉरंटीत असता तरी उपयोग नव्हता, कारण पडद्यावर दाब पडलेला दिसतोय आणि ते ‘फिजिकल डॅमेज’मध्ये जातं. दुरुस्ती होतच नाही, नवा घ्या, पंधरा टक्के सूट देतो. पडदा मिळेल का विचारलं, तर सहाव्यांदा गैरसोय समजून घेतली.

दाब कशाचा, हे मी त्यांना सांगितलं नाही, इथे सांगते. कव्हर ७९९ रुपयांचं होतं. ते वाचवून मी जुन्या खणाच्या कापडाची पिशवी शिवली होती. दिसायला फार छान. पण आत पुठ्ठा घातला नाही, आणि शेजारी स्टीलचा डबा. आठ-चोवीसच्या गाडीत ठाण्याला चढताना जी रेटारेटी होते त्यात डब्याचा काठ बरोबर मधोमध बसला असणार.

तर आता मुळाशी. रीडर घेतला ९,४९९ रुपयांना, दिवाळीच्या सेलमध्ये. कारण असं की मला वाचता येईनासं झालं होतं. अक्षरं येत होती, पुस्तक होत नव्हतं. कॉलेजात असताना मी जेवताना ताटाला टेकवून वाचायची, आईचा मार खाल्लाय त्यासाठी. आणि आता आदल्या वर्षी घेतलेले दोन दिवाळी अंक होळीपर्यंत सुतळीतच. दुसऱ्या पानावर हात आपोआप मोबाइलकडे. कुणाचा मेसेज आलाय म्हणून नव्हे, आला असेल तर म्हणून. राहते ठाण्यात, जिथे १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, आणि वाचायचं म्हणून दहा हजारांचं यंत्र ऑनलाइन मागवते, हा विनोद नवऱ्याने तेव्हाच करून घेतला.

सहा इंचाचा पडदा, तीनशे पीपीआय (इंचाला तीनशे ठिपके), पुढून पडणारा प्रकाश, हे सगळं तुम्ही इतरत्र वाचलं असेलच. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली: त्यात दुसरं काही येत नाही. व्हॉट्सॲप नाही, रील नाही. मोबाइल डब्याच्या खाली, पिशवीच्या तळाशी. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी म्हणून, अर्धं बूड टेकवून एका हातात धरता येतो, पान अंगठ्याने उलटतं.

माझं लक्ष किती वेळ टिकतं ते मी स्टेशनांनी मोजलं. पहिल्या आठवड्यात ठाणे ते नाहूर, म्हणजे दोन स्टेशनं. त्यानंतर मान वर, खिडकी, कुणाची साडी, परत पान, परत तीच ओळ. दुसऱ्या आठवड्यात कांजूरमार्ग. महिन्याअखेर घाटकोपर. मग बरेच दिवस घाटकोपरलाच अडकले, कारण तिथे मेट्रोची गर्दी आत शिरते आणि कोपरं लागतात. कुर्ला पार झालं तेव्हा नवीन वर्ष लागलं होतं. फेब्रुवारीत एकदा येताना कल्याण स्लोमध्ये वाचत होते, मान वर केली तर कळवा. ठाणे येऊन गेलं होतं. उलटी गाडी पकडून परत आले. घरी वीस मिनिटं उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली आणि मनातून इतकी खूश होते की कुणाला सांगता येईना.

इथपर्यंत वाचून वाटेल की ही बाई यंत्राची स्तुती करतेय. थांबा. आता त्या आकड्याचं.

पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ते लिहून दाखवतं: या प्रकरणात उरलेली मिनिटं ७. उजवीकडे टक्के. तुम्ही किती वेगाने पानं उलटता त्यावरून ते अंदाज बांधतं. मला सुरुवातीला हे फार आवडलं. सात मिनिटं म्हणजे विक्रोळीपर्यंत होईल, चला. आकडा समोर असला की मी घोडा होते. पहिल्या चार महिन्यांत तीन पुस्तकं, पुढच्या दोनात पाच.

मग काय होऊ लागलं ते बघा. यंत्राने सात सांगितली की मी सहात संपवायची. पावसाचं वर्णन आलं की बोट आपोआप पुढे. एका कादंबरीत नायिकेचा बाप वारतो, त्या पानावर मी कोपऱ्यात बघत होते: दोन मिनिटं राहिली, मुलुंड आलंच. बाप वारला होता हे मला दुसऱ्या दिवशी, तिच्या भावाने मुंडण केल्यावर कळलं. पुढे पुढे विकत घेण्याआधी नमुन्यात प्रकरणं किती मोठी आहेत ते बघायला लागले. लहान प्रकरणं ते चांगलं पुस्तक. आणि खरंच सांगते, एका चरित्राचं परिशिष्ट मी दादर ते परळ नुसतं टकाटक उलटलं. शंभर टक्के व्हावे म्हणून. फसवलं कुणाला?

जूनमध्ये तो आकडा बंद केला. वरच्या कडेला टॅप करून अक्षरांच्या सेटिंगमध्ये गेलं की बंद होतो, बहुतेकांना माहीत असेल, मला आठ महिने माहीत नव्हतं. कोपरा कोरा. पहिले चार दिवस जिना उतरताना कठडा नसावा तसं वाटलं. बोट सारखं कोपऱ्यावर जायचं. पाचव्या दिवशी परत चालू केला. मग बंद. मग टक्के चालू, मिनिटं बंद, या तडजोडीवर आम्ही दोघं आलो आणि तिथेच राहिलो.

बाकीचे दोष पटापट. मराठी अक्षर स्वच्छ दिसतं, जोडाक्षरं नीट बसतात, पण शब्दावर बोट दाबून अर्थ विचारला तर मराठीला हात वर. जुन्या पुस्तकांचे स्कॅन केलेले पीडीएफ सहा इंचावर वाचायचे म्हणजे मुंगीचे पाय मोजायचे. मराठी पुस्तकं मिळतात, पण नेमकं आपल्याला हवं असलेलं नसतं. कधी ई-पुस्तक छापील पुस्तकापेक्षा जेमतेम वीस रुपयांनी स्वस्त असतं, आणि ते ना कुणाला देता येतं ना रद्दीत घालता येतं. रात्री उजेड डोळ्यांना त्रास देत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं.

डिसेंबरात मी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि खाली निकाल दिला होता: घेऊ नका, पैसे पाण्यात. तो आता खोडते. पूर्ण नाही, अर्धा.

कारण यंत्र बंद पडल्यावर पहिल्या सोमवारी गाडीत बसले आणि हातात काही नाही. मोबाइल काढला. कुर्ल्यापर्यंत काय बघितलं ते आज विचारलं तर एक गोष्ट आठवत नाही. मंगळवारी संध्याकाळी स्टेशनवरून परस्पर आमच्या वस्तीतल्या वाचनालयात गेले. पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला, दारावर ‘शासनमान्य ब वर्ग’ अशी पाटी. शेवटची गेले होते २०१० च्या आसपास. काउंटरवरचे काका तेच, चष्मा नवा.

“ताई, तुमची अनामत आहे आमच्याकडे जमा,” म्हणाले. वही काढली, बोट फिरवलं. “दोनशे रुपये. आता पाचशे झालीय. तीनशे द्या वरचे.”

पंधरा वर्षं कुणी माझे दोनशे रुपये सांभाळून ठेवले होते, चॅट न करता. महिन्याची वर्गणी शंभर, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक.

ते थिजलेलं पुस्तक आहे का विचारलं. होतं. लायब्ररी बायंडिंग, कण्याला कापडी पट्टी, आतल्या पानावर दाखल क्रमांक, मागे तारखांची चिठ्ठी. शेवटचा शिक्का २०१६ चा. म्हणजे ते पुस्तकही माझ्यासारखंच बरीच वर्षं कुणी उघडलं नव्हतं.

आता मी कुठे होते? रीडरवर पान क्रमांक दिसत नव्हता, पण आदल्या संध्याकाळी ठाण्याला उतरताना ६१ टक्के होतं हे पाठ होतं. पुस्तकाची पानं ४१२. एकसष्ट टक्के म्हणजे २५१.३२. काकांसमोर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढलं, ते बघत राहिले. २५१ वर लग्नाची बोलणी चालली होती. २५२, २५३ नाही. २५० नाही. मागे मागे येत गेले तशी लग्नाची बोलणीही मागे मागे. यंत्र मुखपृष्ठ, श्रेयनामावली सगळं टक्क्यांत धरत असणार. २४४ वर डावीकडे खालून चौथी ओळ: तिने कपाटामागून पत्र्याची पेटी ओढली आणि.

आणि झाकण उघडलं तर आत नुसती सुतळी. वर्षानुवर्षं पुड्यांची सोडवून गुंडाळून ठेवलेली.

तिथेच बाकावर बसून वाचत राहिले. काकांनी पंखा बंद केला तेव्हा पाहिलं, आठ वाजून गेले होते. किती पानं झाली ते मोजलं नाही. (नंतर घरी मोजलं. अडतीस.) समासात कुणीतरी पेन्सिलीने एके ठिकाणी ‘खोटं!’ लिहिलं होतं. मला ते पटलं नाही, आणि तेरा महिन्यांत पहिल्यांदाच पुस्तकावरून कुणाशी तरी भांडावंसं वाटलं.

पण छापील पुस्तक चौथ्या सीटवर दोन्ही हात मागतं, हेही तितकंच खरं. जाड बायंडिंगचं पुस्तक घेऊन दादरला उभं राहून दाखवा. म्हणून रीडर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेला. तिसऱ्या दुकानात मुलगा म्हणाला, पॅनल मागवावं लागेल, तीन हजार दोनशे, चालू झालं तरच पैसे. कंपनीच्या लेखी जे होतच नाही ते त्याने चिमटा आणि गरम हवेच्या बंदुकीने पाऊण तासात केलं. कडेला पडद्याच्या खाली केसाएवढी धूळ राहिलीय, डावीकडे वर. दुसरं कुणी सांगितल्याशिवाय बघणार नाही, मला रोज दिसते.

हिशोब असा. यंत्र ९,४९९, दुरुस्ती ३,२००, एकूण १२,६९९. आत्तापर्यंत त्यावर पूर्ण झालेली पुस्तकं १७ (परिशिष्ट उलटलेलं चरित्र धरून). पुस्तकामागे बरोब्बर ७४७ रुपये, ई-पुस्तकांच्या किमती वेगळ्या. वाचनालयात दोन महिन्यांत पाच पुस्तकं, दोनशे रुपये, म्हणजे पुस्तकामागे ४०. तीनशे अनामत परत मिळणारी, म्हणून धरली नाही. नवऱ्याला हा कागद दाखवला नाहीये.

घ्यायचा तर सेलमध्ये घ्या, कव्हर विकतचं घ्या, आणि चालू केल्यावर पहिल्या दिवशी मिनिटं बंद करा. घरापासून चालत जाण्यासारखं वाचनालय असेल तर आधी तिथे जाऊन जुनी अनामत आहे का विचारा.

दुरुस्तीवाल्याने रीसेट करून दिला, त्यामुळे सगळी सेटिंग्ज मूळपदावर आली. कोपऱ्यात आकड्याच्या जागी लिहिलेलं दिसलं: वाचनाचा वेग शिकत आहे. बंद करायला बोट गेलं होतं, मग म्हटलं शिकू दे. काल मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत एकाच पानावर राहिले. पान लहानच होतं, पावसाचं. उलटल्यावर त्याने सांगितलं, या प्रकरणात उरलेली मिनिटं ९४. समोरची बाई माझ्याकडे बघायला लागली, कारण मी एकटीच हसत होते.