भिंगातून पाहूनही माणिक फसवं निघालं

खडा घेताना मी भिंग मागून घेतलं होतं. आत बारीक चिरा दिसल्या, म्हणून विचारलं. विक्रेता म्हणाला, "ताई, चिरा आहेत म्हणजेच खाणीतलं माणिक. थोडं गरम केलंय, ते तर सगळेच करतात. कठीणपणा दहापैकी नऊ, हिऱ्याच्या खालोखाल. जन्मभर बघायला नको."

यातला शब्द न् शब्द खरा वाटावा असाच होता. नैसर्गिक माणकात आतल्या खुणा बहुधा असतातच, आणि नुसतं गरम केल्याने खडा कमजोर होतो असंही नाही. पण त्या चिरांमध्ये काय भरलंय, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे अंगठी सैल झाली. सोनाराने खडा न काढताच ज्योत लावली, अंगठी तेजाबाच्या पाण्यात टाकली. बाहेर काढली तर माणकावर पांढऱ्या रेघांचं जाळं! नख फिरवलं की रेघ लागत होती. मी त्या सोनारालाच नको नको ते बोलले, त्याचं आजही वाईट वाटतं. लॅबच्या रिपोर्टमध्ये खरं कळलं: चिरांमध्ये शिसेयुक्त काच भरलेली होती.

असे खडे 2004 च्या सुमारास बाजारात येऊ लागले. चिरांनी भरलेला, जवळपास टाकाऊ दगड घेऊन त्यात ही काच वितळवून भरतात. तिच्यातून प्रकाश जवळजवळ माणकासारखाच वळतो, त्यामुळे चिरा लपतात आणि दगड पारदर्शक, लालभडक दिसतो. नऊ कठीणपणा माणकाचा, काचेचा नव्हे. ती सोनाराच्या ज्योतीने बिघडते, तेजाबाने झिजते. लिंबाच्या रसानेसुद्धा.

दहापट भिंगाखाली खडा सावकाश फिरवा. चिरेत अडकलेले गोल बुडबुडे किंवा क्षणभर चमकून जाणारी निळी झाक दिसली, तर तिथेच थांबा. मग तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा. वरपर्यंत आलेल्या चिरेतली काच आजूबाजूच्या माणकापेक्षा मंद चमकते. मी फक्त आत डोकावत बसले, पृष्ठभाग पाहिलाच नाही.

आणि कठीणपणाच्या आकड्यावर भाळू नका. तो फक्त ओरखड्यांपुरता असतो. टोपाझ आठ, तरी नेमक्या दिशेने ठोका बसला तर सरळ दुभंगतो. पाचू साडेसात ते आठ, पण चिरा असतात, त्यांत तेल किंवा रेझिन भरतात, म्हणून तो दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये कधीच टाकायचा नसतो.

तक्रार घेऊन गेले तर विक्रेत्याने माझंच बिल पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, 'नॅचरल रुबी'. ट्रीटमेंटबद्दल अक्षर नाही.

मध्यंतरी दुसरीकडे नीलम बघत होते. आवडला. म्हटलं, बिलावर 'चिरांमध्ये काच भरलेली नाही' एवढं लिहून द्या. त्यांनी काही न बोलता खडा पुन्हा डबीत ठेवला.