सीसीटीव्हीचे धूसर चित्र: रत्नागिरीतील एका दुरुस्ती सेवेचा अनुभव

आई-वडील रत्नागिरीजवळच्या गावी आणि मुले पुण्या-मुंबईला, अशी घरे कोकणात वाडीवाडीत आहेत आणि त्यांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत सीसीटीव्ही बसवून घेतले आहेत. आमच्याकडेही २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारे यंत्र) असा संच आहे. तो बंद कधीच पडला नाही, पण चित्र दिवसा धुरकट आणि रात्री जवळजवळ निरुपयोगी झाले होते. ज्यांनी संच बसवला होता त्यांनी पाहायलाही न येता "कॅमेरे जुने झाले, आता ५ मेगापिक्सेलचे घ्या" असा सल्ला फोनवरूनच दिला. म्हणून शहरातील दुसऱ्या एका छोट्या दुकानाला बोलावले. त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण एकही कॅमेरा न विकता त्यांनी चित्र सुधारून दिले.

आलेल्या तरुण टेक्निशियनने शिडी मागण्याआधी डीव्हीआरच्या सेटिंग उघडल्या आणि पहिला दोष तिथेच सापडला. रेकॉर्डिंग '१०८०एन' या पर्यायावर ठेवलेले होते. नावात १०८० असल्यामुळे हे पूर्ण एचडी असावे असा कोणाचाही समज होईल, पण पूर्ण चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे असते आणि १०८०एनमध्ये आडव्या दिशेचे निम्मे बिंदू गाळून साधारण ९६० बाय १०८० एवढेच साठवले जातात. कॅमेरा जे पाहतो त्यातले अर्धे डीव्हीआरच टाकून देत असेल, तर ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावून काय साधणार होते? आमचा डीव्हीआर पूर्ण १०८०पी घेऊ शकतो, फक्त तेव्हा सेकंदाला २५ ऐवजी १५ चित्रे मिळतात. अंगणातली माणसांची ये-जा पाहायला ती पुरेशी आहेत. त्याच पडद्यावर त्याने व्हिडिओचे मानक बदलून 'पाल' (५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारे) केले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असताना संच ६० हर्ट्झच्या 'एनटीएससी'वर चालत होता आणि पडवीतल्या ट्यूबलाइटखाली चित्रात सरकणारे पट्टे त्यामुळेच दिसत होते.

बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, वाढवण्याआधी त्याने वडिलांना हिशेब समजावून सांगितला, ही गोष्ट मला विशेष आवडली. "काका, चित्र स्पष्ट पाहिजे असेल तर साठवण कमी दिवसांची होईल, चालेल ना?" दर कॅमेऱ्याला २०४८ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) दिले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २२ जीबी भरतात, म्हणजे चार कॅमेऱ्यांसाठी १ टीबीची हार्ड डिस्क अकराएक दिवस पुरते. आधी बिटरेट याच्या निम्म्यावर होता आणि झाडाची पाने हलली की चित्राचे चौकोनी ठोकळे होत. पावसाळ्यात वाऱ्याने सगळे अंगणच हलत असते, त्या दिवसांत तर काहीच ओळखू येत नसे. जुने रेकॉर्डिंग महिनाभर कोणी पाहत नाही, तेव्हा वडिलांनी लगेच होकार दिला.

मग तो बाहेरच्या कामाकडे वळला. फाटकाकडच्या कॅमेऱ्याचे चित्र रात्री अधूनमधून पूर्ण जात असे. त्याने मीटर लावून कॅमेऱ्याच्या टोकाशी येणारा विजेचा दाब मोजला, तो ठीक निघाला. मग कॅमेऱ्याच्या तोंडावर हात धरून अंधार केला. आतले इन्फ्रारेड दिवे (अंधारात पाहण्यासाठीचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) लागले आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत खाली आला, बारा व्होल्टच्या जागी दहादेखील उरले नाहीत. वायर लांब आणि बारीक, त्यात मध्ये एक जोड. त्या जोडावरची चिकटपट्टी सोलली तेव्हा आतले तांबे हिरवे पडले होते आणि बीएनसी कनेक्टरची (चित्राची वायर जोडणाऱ्या टोकाची) पिन बोट लावताच तुटून हातात आली. खाऱ्या हवेत उघडा जोड फार काळ टिकत नाही. त्याने जोड काढून टाकला, कनेक्टर बदलले, ते बंद डब्यात घेतले आणि त्या कॅमेऱ्यासाठी पडवीतल्या प्लगवर वेगळा अॅडॅप्टर बसवला.

रात्रीच्या पांढऱ्या धुक्याचे कारण मात्र कोळी निघाला. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात आणि त्यांच्यामागे कोळी येतो. भिंगासमोरचा एकच धागा त्या प्रकाशात इतका चमकतो की मागचे सारे झाकोळून जाते. त्याने जाळी झाडून भिंग मऊ कापडाने पुसले. वळचणीखालचा दुसरा कॅमेरा थोडा खाली घेऊन वळवला, कारण चुन्याची भिंत चौकटीच्या कडेला येत होती आणि तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे कॅमेरा उरलेले अंगण काळे करून टाकत होता.

सगळे झाल्यावरही फाटकावरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसणार नाही, हे त्याने स्वतःहून सांगितले. चेहरा खात्रीने ओळखायचा तर त्या अंतरावर दर मीटर रुंदीला साधारण २५० बिंदू मिळावे लागतात असा या क्षेत्रातला मान्य निकष आहे. आमच्या कॅमेऱ्यांचे भिंग २.८ मिलिमीटरचे, म्हणजे दृश्य खूप रुंद. त्या हिशेबाने २ मेगापिक्सेलमध्ये ओळख जेमतेम तीन मीटरपर्यंतच पटते. ६ मिलिमीटरच्या भिंगाने ते अंतर सातएक मीटरवर जाते, पण बाजूचे आवार दिसेनासे होते. म्हणून फाटकासाठी तेवढा एकच कॅमेरा पुढेमागे बदलावा, घाई नाही, असे त्याचे म्हणणे पडले. विक्रीची संधी समोर असताना असे बोलणारा माणूस मिळणे ही माझ्या दृष्टीने या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

पुण्यात मोबाइलवर चित्र अंधुक दिसण्याचे कारण आणखी वेगळे होते. अॅप आपोआप व्हिडिओचा हलका प्रवाह उघडते, त्यात चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचेच असते. 'एचडी' निवडले की पूर्ण चित्राचा मुख्य प्रवाह येतो, मात्र त्यासाठी गावच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग पुरेसा लागतो. चारही कॅमेरे एकदम पाहताना आम्ही हलकाच प्रवाह ठेवतो.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. बदललेल्या सेटिंग लिहून देण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही. आम्ही पडद्याचे फोटो काढून ठेवले, पण वयस्कर ग्राहकांना तसा कागद मिळायला हवा. शिवाय बंद डबे आणि अॅडॅप्टर यांची किंमत बिलात मजुरीसह एकत्र धरली होती आणि विचारल्यावरच ती वेगळी करून सांगितली. एकूण खर्च नव्या संचाच्या मानाने फार थोडा आला, तरी साहित्याचा तपशील आधीच कळला असता तर बरे झाले असते. पावसाळ्यानंतर भिंगे पुसणे आणि जोड तपासणे यासाठी आम्ही त्यांनाच पुन्हा बोलावणार आहोत, आणि फाटकाचा ६ मिलिमीटरचा कॅमेराही त्याच वेळी बसवून घेऊ.