रिकव्हरी स्क्रीनवर मुका पडलेला कीबोर्ड: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

विंडोज नीट सुरू होईना की दुरुस्तीसाठी येतो त्या रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर 'चूझ ॲन ऑप्शन' आलेलं, खाली पर्यायांचे चौकोन, आणि ॲरो कितीही दाबला तरी निवड जागची हलत नाही. माउसचा लाल दिवा मात्र ऐटीत पेटलेला. आठ महिन्यांपूर्वी मी अशी पाऊण तास बसले होते, आणि त्यातला निम्मा वेळ बिचाऱ्या कीबोर्डला शिव्या घालण्यात गेला. त्यानंतर तीन गोष्टी करून ठेवल्या: वायरचा एक साधा कीबोर्ड राखीव ठेवला, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवला आणि रिकव्हरीच्या फाइलमध्ये यूएसबीचा ड्रायव्हर (सिस्टीम आणि उपकरण यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) घातला. तिघांपैकी कोण किती कामाला आलं ते लिहिते.

आधी त्या लाल दिव्याबद्दल, कारण मला फसवलं त्यानेच. दिवा पेटला म्हणजे पोर्टमधून वीज येते आहे, एवढंच. माउसचं म्हणणं पलीकडे कोणी ऐकतंय की नाही हे त्यावरून कळत नाही. खरी खूण नम लॉकची. यूएसबी कीबोर्ड तो दिवा आपल्या मनाने पेटवत नाही, कॉम्प्युटरकडून हुकूम यावा लागतो. मी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) जाऊन नम लॉक दाबलं तर दिवा नीट लागत-विझत होता, रिकव्हरीच्या पडद्यावर मात्र ढिम्म. म्हणजे कीबोर्ड, वायर, पोर्ट सगळं शाबूत. मधला दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, गायब.

बायोसकडे यूएसबीचा स्वतःचा ड्रायव्हर असतो. पुढची सिस्टीम सुरू झाली की तो हात काढून घेतो. आणि रिकव्हरी म्हणजे आपली रोजची विंडोज नव्हे. ती विनआरई नावाची वेगळी, छोटी सिस्टीम. एका विम फाइलमधून (अख्खी सिस्टीम बांधून ठेवलेली एक फाइल) रॅममध्ये उघडते, म्हणून तिथल्या कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायची खिडकी) एक्स ड्राइव्ह दिसतो. तिच्या फाइलमध्ये जे ड्रायव्हर असतील तेवढेच तिचे. रोजच्या विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्रायव्हर कितीही अपडेट करा, या फाइलला त्याचा पत्ता नसतो. एवढं कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

तसं हे दुखणं जुनं आहे. यूएसबी ३ चा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच आला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर आलेल्या चिपसेटमधून (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधून) यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर गेला, आणि विंडोज ७ टाकायला बसलेल्यांचे कीबोर्ड-माउस इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर गार पडू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर विंडोज ११ च्या १४ तारखेच्या अपडेटने (केबी ५०६६८३५) रिकव्हरीतले यूएसबी कीबोर्ड-माउस बंद पाडले; २० तारखेला केबी ५०७०७७३ आलं तेव्हा ते सुधारलं. मधल्या काळात टचस्क्रीन किंवा पीएस/२ चा गोल पिनचा कीबोर्ड असलेल्यांचं भागलं. पीएस/२ घेणार असाल तर तो मशीन बंद असताना लावा, मध्येच खुपसून चालत नाही.

माझ्याकडचा घोळ अपडेटचा नव्हता. मागच्या बाजूचे दोन पोर्ट वेगळ्या चिपवर निघाले, तिचा ड्रायव्हर रिकव्हरीत नव्हता, आणि मी नेमके त्याच दोघांत कीबोर्ड आणि माउस लावून बसले होते. शेजारच्या पोर्टमध्ये घातल्याबरोबर चौकोन हलला. पाऊण तास आणि दोन संध्याकाळींचा हिशेब केला तर हसू येतं. तेव्हा आधी पोर्ट बदला, मॉनिटरमधला हब मधून काढा आणि थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

आता हिशेब. राखीव कीबोर्डला पाचपैकी पाच. मध्यंतरी मी रोजच्या कामाला ब्लूटूथ कीबोर्ड घेतला, आणि तो रिकव्हरीच्या हिशेबी अस्तित्वातच नाही. तिसऱ्या महिन्यात एक अपडेट फसलं, मशीन दोनदा अर्ध्यातून पडून रिकव्हरीत गेलं, तेव्हा हाच धावून आला. कमांड प्रॉम्प्टने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, की मागितली: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. नमपॅडवरचा ७ अडकतो हे मला तेव्हाच, चौथ्या गटात कळलं. वरच्या ओळीतून ७ मारत, आकड्यांवर बोट ठेवून मोठ्याने वाचत ते पार पाडलं. की मोबाइलमध्ये होती म्हणून. त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवली असती तर संपलंच होतं.

पेनड्राइव्हला तीन. पहिला मी विंडोजच्या 'रिकव्हरी ड्राइव्ह' मधून केला आणि निर्धास्त झाले. पण तो त्याच मशीनच्या रिकव्हरी फाइलवरून बनतो, त्यामुळे तीच उणीव घेऊन आला. त्यातून पडदा व्यवस्थित उघडायचा (तेवढं काम बायोस करून देतो), पुढे त्या दोन पोर्टांत कीबोर्ड पुन्हा मुका. आता ताज्या इन्स्टॉलेशन मीडियाचा (विंडोज नव्याने टाकायच्या फाइलींचा) पेनड्राइव्ह ठेवला आहे, 'रिपेअर' त्यातही असतं.

ड्रायव्हर घालण्याला साडेतीन. रिकव्हरी चालू-बंद करणाऱ्या 'रीएजंटसी' या कमांडला 'डिसेबल' दिलं की विम फाइल सिस्टीम ३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये येते. तिची एक प्रत बाजूला ठेवून, मूळ फाइल 'डिझम' या कमांडने माउंट करायची (म्हणजे फोल्डरसारखी उघडायची), आयएनएफ (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची) फाइल असलेला ड्रायव्हर घालायचा, 'कमिट' (बदल जतन कर) म्हणून अनमाउंट करायचं आणि रीएजंटसी पुन्हा 'एनेबल'. पहिल्या वेळी मी कमिटऐवजी 'डिस्कार्ड' दिलं आणि सगळी मेहनत पाण्यात. झालं की शिफ्ट धरून रीस्टार्ट करायचं आणि रिकव्हरीत ॲरो दाबून बघायचा. मोठं अपडेट आलं की मी हे परत करते.

ते मागचे दोन पोर्ट आता रिकव्हरीतही चालतात. तरी त्यांच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.